नागावला एटीव्ही: अहोंना 20 वर्षं बाईक येते, तोच तर घोळ आहे

ताई, पुढच्या शनिवारी तुम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा आणि तिथून नागावला निघालाय. 12 वर्षांचा मुलगा आणि 7 वर्षांची मुलगी एटीव्हीसाठी, म्हणजे किनाऱ्यावर भाड्याने मिळते त्या जाड टायरांच्या चारचाकी बाईकसाठी, हटून बसलीत. अहो म्हणतात, "20 वर्षं बाईक चालवतोय, हिला तर चार चाकं. पडेलच कशी?"

अगदी हेच मीही म्हणालो होतो. अंधेरी ते फोर्ट रोज स्कूटर, तीही पावसाळ्यात. कोकणातल्या एका किनाऱ्यावर (नाव मुद्दाम लिहीत नाही) वळण घेताना गाडी बाहेरच्या अंगाला कलली आणि सवयीने मी पाय खाली टेकला. स्कूटरवर आपण सिग्नलला टेकतो तसा. मागचं चाक थेट टाचेवर आलं. घाबरून हँडल घट्ट आवळलं, आणि तिथेच खरी चूक झाली, कारण हिचा अ‍ॅक्सिलरेटर मुठीने पिळायचा नसतो, अंगठ्याने दाबायचा असतो. पकड आवळली की अंगठाही दाबला जातो. गाडी वाळूच्या बांधावर चढली आणि उलटली. मी बाजूला फेकला गेलो म्हणून कॉलरबोनवर निभावलं.

म्हणजे बाईकच्या सवयी इथे उलट्या पडतात. बाईक वळणात आपणहून आत झुकते. एटीव्ही झुकत नाही. ती उंच आणि अरुंद असते, त्यामुळे तोल सांभाळायला अंग आपल्यालाच वळणाच्या आतल्या बाजूला टाकावं लागतं. चढावर पुढे वाकायचं, उतारावर मागे सरकायचं. सीट लांब असते ती यासाठी. आपल्याला वाटतं डबलसीटसाठी! मागे कोणी बसलं की सरकायला जागा उरत नाही आणि पुढची चाकं हलकी होतात. बहुतेक मॉडेल एकट्या चालकासाठीच बनवलेली असतात. मुलाला पुढे बसवून भाडेवाला पोरगा मागून अंगठा दाबतो, ते तर बघवत नाही.

मोठ्या माणसांची गाडी सहज अडीचशे-तीनशे किलोची असते. ती छातीवर पडली तर जखम दिसत नाही, श्वास कोंडतो. शेतावर असे मृत्यू होत राहिले म्हणून ऑस्ट्रेलियाने 2021पासून शेतीकामाच्या नव्या क्वाड बाइकवर (म्हणजे एटीव्हीवरच), गाडी उलटली तरी चालक खाली चिरडला जाऊ नये अशी संरक्षक चौकट सक्तीची केली. तीन चाकांचं मॉडेल तर अमेरिकेत 1988मध्येच विक्रीतून गेलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना 16च्या आतल्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये म्हणते. त्यामुळे मुलगा कितीही रुसला तरी मोठी गाडी त्याच्या हातात नको. त्याच्या अंगात तिला तोलण्याइतकं वजनच नाही.

अहोंनी एकट्याने चालवायची म्हटली, तर हरकत नाही. आधी रिकाम्या जागेत दहा मिनिटं फक्त थांबण्याचा सराव करा म्हणावं: अंगठा सोडायचा, मग ब्रेक. पाय कायम फूटरेस्टवर. स्लीपर नको, बूट हवेत. बऱ्याच मॉडेलमध्ये अंगठ्यापाशी छोटा स्क्रू असतो, तो आवळला की वेग वाढत नाही. भाडेवाल्याला सांगितलं तर तो करून देतो, थोडं तोंड वाकडं करतो इतकंच. ओहोटीला पाण्याजवळची वाळू घट्ट लागते म्हणून सगळे तिकडे सुसाट सुटतात, पण मध्येच एखादा ओहोळ किंवा होडीचा ताणलेला दोर येतो, आणि तो दोर वेगात दिसतच नाही. गर्दीत नकोच. डांबरी रस्त्यावर तर मुळीच नको, कारण मऊ वाळूसाठी केलेले ते फुगीर टायर डांबरावर नीट वळत नाहीत.

हेल्मेट शक्यतो घरचं न्या, आयएसआयचं, तुमच्याकडे असेलच. मला तिथे दिलं होतं त्याचं बक्कल तुटलेलं होतं, पट्टा सुतळीने बांधला होता आणि तो भाडेवाला म्हणाला, "काका, नुसतं फोटोपुरतं घाला."

आणि धाकटीचं म्हणाल तर तिच्यासाठी घोडागाडी बघा. माझी भाची एटीव्हीवरून रडत उतरली होती, घोडागाडीतून मात्र उतरायलाच तयार नव्हती.