नांदायला जाणे म्हणजे काय?

चि. सोनूस अनेक आशीर्वाद,

परवा आजी फोनवर कुणाविषयी ‘लग्न झाले, पण ती नांदायला गेलीच नाही’ असे म्हणाली आणि तू मला विचारलेस, की नांदणे म्हणजे काय आणि जायचे की नाही हे मुलीला कुणी विचारत नाही का. पोळ्या लाटता लाटता देण्यासारखे हे उत्तर नव्हते, म्हणून लिहिते आहे.

नांदणे म्हणजे सुखाने एकत्र राहणे. लग्नपत्रिकेत ‘नांदा सौख्यभरे’ हा आशीर्वाद दोघांनाही असतो. ‘नांदायला’ मात्र मुलगीच जाते.

मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न ११व्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाले. त्या माहेरीच राहिल्या, वाचू-लिहू लागल्या, आणि त्यांनी नांदायला यावे म्हणून दादाजींनी १८८४ साली उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, कारण असा दावा मुळात इंग्रजी कायद्यातला होता, हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता; परंतु १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी नांदायला जा, नाहीतर ६ महिने कैद भोगा, असा निकाल दिला, तेव्हा रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. टिळकांचा ‘केसरी’ त्यांच्या विरुद्ध उभा होता, हे मला अजूनही बोचते. अखेर १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली आणि त्या इथे लंडनला येऊन डॉक्टर झाल्या. पुढे सुरतेत त्यांनी कितीतरी वर्षे बायकांवर उपचार केले.

हे बळ त्यांना घरातूनच मिळाले. त्यांची आई जयंतीबाई तरुणपणी विधवा झाली होती आणि तिने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. त्यांच्या सुतार समाजात तो चालत असे. तेव्हा आजी ‘आपल्यात असे चालत नाही’ म्हणते, त्यातले ‘आपल्यात’ म्हणजे नेमके कुणाच्यात, हे आधी पाहावे लागते.

एक गोष्ट मात्र मला पुन्हा पुन्हा आठवते. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा रखमाबाई विधवेसारखे पांढरे लुगडे नेसू लागल्या. जे लग्न नाकारण्यासाठी त्या तुरुंगात जायला तयार होत्या, त्याचे वैधव्य त्यांनी आपणहून पाळले. माणूस रूढीशी भांडतो, तेव्हाही ती त्याच्या अंगात असतेच, माझ्याही आहे.

रविवारी आजीला हे सगळे सांग. आणि जमले तर हळूच विचार, ती नांदायला निघाली तेव्हा तिला कुणी विचारले होते का. मला तिने ते कधी सांगितलेले नाही.

तुझी,
आई