मागे राहणाऱ्या मुलांची यादी

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला, दोनदा वाचला. शाळकरी मुलांना सरकारी खर्चाने वर्गाबाहेर न्यायचं काम तुझ्याकडे आलं याचा मला मनापासून आनंद आहे. ओढ्यातले किडे भिंगाखाली पाहणं, नकाशा आणि होकायंत्र, दोरावरचे खेळ, रात्रीचं आकाशदर्शन, सगळं नीट मांडलंयस. पण 'सहभागी विद्यार्थी' या मथळ्याखाली एकच ओळ आहे: 'इच्छुक विद्यार्थ्यांना प्राधान्य.' हे पत्र मुख्यतः त्या ओळीसाठी.

इच्छुक कोण असतं ते बघ. ज्याच्या घरी पाठीवरची मोठी पिशवी आधीपासून आहे, ज्याच्या आईवडिलांनी कधीतरी तंबूत रात्र काढली आहे, ज्याला पोहता येतं, असं मूल पहिल्या दिवशी हात वर करतं. ते तुझ्या कार्यक्रमाशिवायही डोंगर चढणारच आहे. खासगी शिबिरवाल्यांनी इच्छुकांना घ्यावं, त्यांचं गणितच तसं असतं. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमाने मात्र जे मूल एरवी गेलं नसतं त्याच्यापासून सुरुवात करायला हवी. तेवढं जमत नसेल तर हा पैसा शाळांची छपरं दुरुस्त करायला दिलेला बरा.

म्हणून उपक्रमांची यादी बाजूला ठेव आणि मागे राहणाऱ्यांची यादी कर. कोणत्याही शाळेत एखाद्या अनुभवी शिक्षिकेजवळ तासभर बस, ती न थांबता सांगेल. एक मुलगा अजून रात्री अंथरूण ओलं करतो आणि ते वर्गाला कळेल या भीतीने तो 'मला येण्यात रस नाही' असं लिहून देतो. एका मुलीची पाळी नुकतीच सुरू झाली आहे आणि तिथे स्वच्छतागृह कसं असेल हे तिच्या आईला कुणी सांगितलेलं नाही. एकीला संध्याकाळी धाकट्या भावाला सांभाळायचं असतं. एक मूल चाकाच्या खुर्चीवर आहे. एकाच्या घरी संमतीपत्र गेलं, पण ते वाचता येईल असं घरात कुणी नाही, आणि सही न झालेलं पत्र म्हणजे 'नकार' असं शाळेने धरलं. यातल्या एकाही मुलाला निसर्गाची नावड नाही. प्रत्येकाची अडचण वेगळी आहे, आणि बहुतेक अडचणींचं उत्तर फारसं खर्चिक नाही. प्रत्येकाला एक जादा चादर आणि रात्रपाळीला एक समजूतदार माणूस. स्वच्छतागृहाचे फोटो पालकसभेत दाखवणं. मुक्कामाला न राहू शकणाऱ्या मुलांसाठी दिवसभर येऊन परत जाण्याची सोय. संमतीपत्राऐवजी एक फोन. ही कामं कंटाळवाणी आहेत आणि त्यांचे फोटो छापून येत नाहीत. तरी कार्यक्रम कुणाचा होणार हे इथेच ठरतं.

आता बसगाडीबद्दल. तुझ्या अंदाजपत्रकात वाहतूक 'इतर खर्चा'त टाकली आहेस, तिला पहिल्या ओळीवर आण. अमेरिकेत 2015 साली चौथीच्या सगळ्या मुलांना राष्ट्रीय उद्यानांचा वर्षभराचा मोफत पास देण्याची योजना सुरू झाली, मूल आणि सोबतचं कुटुंब दोघांना प्रवेश. कल्पना उत्तमच. पण प्रवेशशुल्क हा अडथळ्यांतला सगळ्यात छोटा होता. उद्यानापर्यंत पोचायचं कसं हा खरा प्रश्न, आणि त्यासाठी शाळांना वाहतुकीचं अनुदान वेगळं उभं करावं लागलं. फाटक उघडं आहे म्हणून लोक येतील असं समजणाऱ्या योजना मी पुष्कळ पाहिल्या. ज्यांच्याकडे गाडी होती ते आले.

कपड्यांचंही तेच. मुलांनी काय आणावं याची लांबलचक यादी घरी पाठवू नकोस, ती यादीच गळती सुरू करते. रेनकोट, बूट, झोपण्याची पिशवी तुझ्या शिबिरकेंद्रानेच द्यावी, आणि सगळ्यांना द्यावी. फक्त गरजूंना दिलं तर कुणाचा रेनकोट सरकारी हे पहिल्याच सरीत सगळ्यांना कळतं.

पालकांकडून पैसे घ्यायचे का, हा तू विचारलेला प्रश्न. तुझा कल 'ऐच्छिक वर्गणी'कडे दिसतो. इंग्लंडमध्ये तशीच पद्धत आहे: शाळेच्या वेळेतल्या शिक्षणासाठी सरकारी शाळेला फी आकारता येत नाही, पण ऐच्छिक वर्गणी मागता येते, आणि मुक्कामाच्या सहलीत राहण्याजेवण्याचा खर्च घेता येतो. काही ठरावीक सरकारी मदत मिळणाऱ्या कुटुंबांना त्या खर्चातून सूट असते. कागदावर न्याय्यच आहे. पण वर्गणी पुरेशी जमली नाही तर सहल रद्द होऊ शकते असं वर्गणी मागणाऱ्या पत्रात लिहिलेलं असतं, आणि कुणामुळे रद्द होईल हे मुलं आपापसांत ओळखतात. नॉर्वेत सार्वजनिक शाळेचं शिक्षण विनामूल्य असलंच पाहिजे हे तत्त्व कायद्यात आहे, आणि शिक्षणाचा भाग असलेल्या सहलीलाही ते लागू होतं. पालकांवर खर्च लादता येत नाही. माझं मत विचारशील तर मी नॉर्वेच्या बाजूने. मग पैसे कमी पडतील. पडू देत. मुक्काम एका रात्रीने कमी कर, पण वर्गणीचं पत्र पाठवू नकोस. आणि निधी मागायला जाशील तेव्हा खरा आकडा सांग, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. कमी आकडा सांगून मंजुरी मिळवली की उरलेला भार शेवटी शाळेवर आणि तिथून पालकांवर येतो.

निधीबद्दल ऑरेगनची गोष्ट तुला ठाऊक असावी. अमेरिकेतल्या त्या राज्यात पाचवी-सहावीच्या मुलांनी आठवडाभर जंगलातल्या केंद्रात राहून शिकायची जुनी परंपरा आहे, 1950 च्या दशकापासूनची. पण खर्च स्थानिक शाळांच्या माथी असल्यामुळे आर्थिक ओढगस्त आली की पहिली कात्री इथेच लागायची. कित्येक ठिकाणी आठवड्याचे तीन दिवस झाले, काही ठिकाणी काहीच उरलं नाही. 2015 मध्ये विधिमंडळाने राज्यव्यापी कार्यक्रमाचा कायदा केला, पण सोबत पैसे दिले नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अखेर नोव्हेंबर 2016 मध्ये हा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला आणि त्यांनी मोठ्या बहुमताने कौल दिला: राज्याच्या लॉटरीच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा यासाठी, वर्षाला जास्तीत जास्त 2 कोटी 20 लाख डॉलर. लोक इथवर सांगून थांबतात, मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. पहिल्या दोन वर्षांसाठी प्रत्यक्षात मंजूर झाले ते 2 कोटी 40 लाख, म्हणजे कमाल मर्यादेच्या निम्म्याहून थोडेच अधिक. मतदारांनी कौल दिल्यावरही हिशेब घेऊन दारात उभं राहावंच लागतं. तरीही दरवर्षी नव्याने मागायच्या अनुदानापेक्षा नियमाने ठरलेला वाटा कधीही बरा, कारण केंद्रावरची चांगली माणसं अकरा महिन्यांच्या करारावर टिकत नाहीत.

सगळ्यांना नेणं ही निव्वळ हौस नव्हे हे पटवायचं असेल तर सिंगापूरचं उदाहरण दे. तिथे 2016 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय आराखड्यात माध्यमिक तिसरीच्या (साधारण पंधरा वर्षांच्या) प्रत्येक विद्यार्थ्यासाठी पाच दिवसांचं साहसी शिबिर धरलं आहे, आणि वेगवेगळ्या शाळांची मुलं त्यात मुद्दाम एकत्र मिसळली जातात. निवड नाही, म्हणून निवड न झाल्याची खंतही नाही. मला त्यातला थोडा कवायती सूर आवडत नाही, पण 'प्रत्येक' या शब्दाशी ते प्रामाणिक राहिले.

आणखी एक मतभेद. तुझा सगळा निधी एका निवासी आठवड्यावर गेला आहे. आठवडा हवाच, त्याची जागा दुसरं काही घेत नाही. रात्री अंधारात चालून आलेलं मूल दुसऱ्या दिवशी वर्गमित्रांकडे वेगळ्या नजरेने बघतं. पण डेन्मार्कच्या अनेक शाळांत आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा नेहमीचेच विषय बाहेर शिकवले जातात: गणित झाडाच्या उंचीवर, इतिहास जवळच्या स्मशानभूमीतल्या दगडांवर. बस नाही, मुक्काम नाही. फक्त शिक्षकाला सवय आणि मुख्याध्यापकाची संमती लागते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तिसरीच्या मुलांचा एक तास बाहेर, तोच शिक्षक तसाच तास वर्गात, अशी दहा आठवडे तुलना केली होती. बाहेरच्या तासानंतरच्या तासाला मुलांना 'इकडे लक्ष द्या' म्हणण्याची वेळ जवळपास निम्म्याने कमी आली. अभ्यास लहान आहे, दोनच शिक्षिकांच्या वर्गांचा, तेव्हा फार ताणू नकोस. पण बाहेर नेलं की मुलं नंतर आवरत नाहीत ही तक्रार तुला प्रत्येक शाळेत ऐकू येईल, तेव्हा उपयोगी पडेल.

त्याहून भक्कम पुरावा डोळ्यांचा आहे. चीनमधल्या ग्वांगझूत बारा प्राथमिक शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत विभागल्या. सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढलं, बाकीच्या सहांत नेहमीचं वेळापत्रक. तीन वर्षांनी पहिल्या गटात 30.4 टक्के मुलांना लांबचं कमी दिसू लागलं होतं, दुसऱ्या गटात 39.5 टक्क्यांना. हे 2015 साली प्रसिद्ध झालं.  अर्थखात्यातला माणूस 'मुलांना आनंद मिळतो' यावर मान डोलावतो आणि फाइल खाली ठेवतो. चष्म्याचे आकडे तो वाचतो.

तेव्हा निम्मा पैसा शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर खर्च कर: शिक्षकांच्या प्रशिक्षणावर, आणि ते प्रशिक्षणाला गेले की वर्ग सांभाळायला येणाऱ्या बदली शिक्षकांच्या मानधनावर. ही दुसरी बाब हमखास विसरली जाते आणि मग 'शिक्षक उत्साही नाहीत' असा शेरा अहवालात येतो. निवासी आठवड्यातही शिक्षकाला पाहुणा करू नकोस. बाहेरून आलेला प्रशिक्षक सगळं करतो आणि वर्गशिक्षक झाडाखाली बसून वह्या तपासतो हे चित्र दिसलं, की परतल्यावर वर्गात त्या आठवड्याचा मागमूस राहणार नाही हे समज.

सुरक्षिततेवर तू चार पानं लिहिली आहेस, बहुतेक दोर आणि शिरस्त्राणांबद्दल. त्यात एक पान माणसांबद्दल हवं. 22 मार्च 1993 ला इंग्लंडच्या लाइम बेमध्ये कनू (वल्ह्याची छोटी होडी) चालवायला गेलेला शाळेचा गट समुद्रात वाहून गेला आणि चार मुलं दगावली. त्या केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी सुरक्षेतल्या त्रुटींबद्दल व्यवस्थापनाला आधीच लेखी इशारा देऊन नोकरी सोडली होती. पत्र पोचलं होतं, बदललं काही नाही. कंपनीच्या संचालकाला पुढे तुरुंगवास झाला, 1995 मध्ये संसदेने कायदा केला आणि अशा केंद्रांना परवाना सक्तीचा झाला. तुझ्या केंद्रात सगळ्यात कनिष्ठ मदतनीसानेही 'आज पाण्यात उतरायचं नाही' म्हटलं तर ते चालेल का, आणि तसं म्हणून त्याची नोकरी टिकेल का, हे नियमावलीत लिही. शिवाय रद्द झालेल्या दिवसांसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद ठेव. बसचे पैसे भरून झालेत, परत मिळणार नाहीत, मुलं तयार होऊन बसली आहेत, अशा सकाळी माणसं ढगांकडे बघून स्वतःची समजूत घालतात. पैसे बुडणार नाहीत हे आधीच ठरलेलं असेल तर निर्णय सोपा होतो.

मूल्यमापनाचा भाग मी जवळजवळ पूर्ण खोडला आहे, रागावू नकोस. परीक्षेतले गुण वाढतील असं वचन देऊ नकोस, ते कुणीतरी तीन वर्षांनी तुझ्याकडून वसूल करायला येईल. 'नेतृत्वगुणांचा विकास' मोजणारी ती प्रश्नावलीही काढून टाक. शेवटच्या दिवशी दमलेली, खूश मुलं प्रत्येक चौकटीवर बरोबरची खूण करतात, त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी शाळागणिक एक आकडा ठेव: वर्गात किती, आले किती, आणि न आलेल्या प्रत्येकाचं कारण एका ओळीत. दुसऱ्या वर्षी त्यातली किती कारणं तुला दूर करता आली, ते पुढच्या रकान्यात. एवढा तक्ता दाखवलास तर निधी देणाऱ्याला विचारायला फारसं उरणार नाही.

नावाबद्दल आणि बोधचिन्हाबद्दल तू माझं मत मागितलं आहेस. मला त्यात गती नाही, तुला आवडेल ते ठेव. टीशर्ट मात्र छापू नकोस, त्या पैशात बूट येतील.

पुढचा मसुदा पाठवण्याआधी निदान तीन शाळांत जाऊन ये, आणि त्यातली एक अशी निवड जिने तुझ्या पत्राला उत्तरच दिलं नाही. मसुद्यासोबत संमतीपत्राचा नमुनाही जोड. तो मला फोनवर वाचून दाखव, बघू ऐकून समजतो का ते.

कळावे.