शहागडच्या पुलावर अपघात झाला, दोन्हीकडचे पोलीस ‘हद्द आमची नाही’ म्हणतात. काय करावं?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. रात्री बीडकडून संभाजीनगरला जाताना शहागडच्या गोदावरी पुलावर पुढे उसाची ट्रॉली होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तुम्ही ब्रेक दाबला, मागून पिकअपने ठोकलं, तुमची कार ट्रॉलीला घासून कठड्यावर गेली. सासूबाईंचा हात मोडला. गर्दी चिडली, म्हणून तुम्ही त्यांना घेऊन दवाखान्यात निघून गेलात. आता पोलीस हद्दीवरून फिरवतायत, पिकअपवाला वीस हजारांत मिटवा म्हणतोय आणि तुम्हाला भीती आहे की कठडा तुमच्या गळ्यात पडेल.

मी बीडला वकिली करतो, बहुतेक कामं मोटार अपघात दाव्यांची. ओळीने सांगतो.

निघून गेलात म्हणजे पळालात असं होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये चालकाचं पहिलं काम जखमीला उपचार मिळवून देणं हेच आहे, आणि जमाव खवळला असेल तर थांबायची सक्तीही नाही. पण त्याच कलमात पुढे आहे की पोलिसांना लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत कळवायचं. विमा कंपनीलाही कळवायचं. ते अजून झालं नसेल तर हे उत्तर अर्धवट ठेवा आणि आधी जा. २४ तास उलटले असले तरी जा, उशिराचं कारण तक्रारीत लिहा.

हद्दीचं म्हणाल तर नदीच्या बीडकडच्या अंगाला गेवराई तालुका, पलीकडे शहागड म्हणजे अंबड तालुका, जिल्हा जालना. पुलाचा कितवा गाळा कुणाचा हे त्यांनी आपसात बघावं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला तो नोंदवून घ्यावा लागतो आणि मग योग्य ठाण्याकडे वर्ग करावा लागतो. हाच झिरो एफआयआर. तोंडी वाद घालू नका. तक्रार दोन प्रतींत न्या, एकीवर पोच मागा. नाहीच घेतली तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, आणि तिथेही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोच मागितली की बऱ्याचदा हद्द सापडते!

तक्रारीत पिकअपचा नंबर येईलच. ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचाही वेगवेगळा लिहा, कारण ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते. ट्रॉलीला नंबरच नसेल (आपल्याकडे हंगामात निम्म्या तशाच दिसतात) तर ‘विनानंबर, विनारिफ्लेक्टर’ असं स्पष्ट लिहा आणि पंचनाम्यात ते आलं का ते बघा. पंचनाम्यात नसलेली ट्रॉली पुढे कोर्टात उभी करणं फार जड जातं.

वीस हजार घेऊ नका. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. हे लोक स्टॅम्प पेपरवर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेतात आणि तोच कागद विमा कंपनीचा वकील दाव्यात पुढे करतो. सासूबाई प्रवासी होत्या, त्यांची चूक शून्य. दोन-तीन वाहनांच्या चुकीने प्रवासी जखमी झाला तर तो पूर्ण भरपाई त्यातल्या कोणाही एकाकडून मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे चूक पिकअपची किती, ट्रॉलीची किती आणि तुमची किती या वाटणीसाठी त्यांनी थांबायचं कारण नाही. तुमची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर कारमधले लोक तिच्यात सहसा धरले जात नाहीत, म्हणून दाव्याचा रोख पिकअप आणि ट्रॅक्टरच्या विमा कंपन्यांवर ठेवा. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाका. तो जालन्यातच टाकावा असंही नाही, सासूबाई परभणीला राहत असतील तर परभणीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो.

कठड्याचं बिल आलं तर खिशातून भरू नका आणि ‘भरतो’ असंही लिहून देऊ नका. खासगी कारच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साधारण साडेसात लाखांपर्यंत धरलेलं असतं. नोटीस तशीच विमा कंपनीकडे पाठवा. शिवाय मागून ठोकल्यामुळे कार कठड्यावर गेली, हे उत्तरात आलंच पाहिजे.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. तुम्ही लिहिलंय की मदत येईपर्यंत सगळे कठड्याला टेकून उभे होतात. पुलावर दुसरी धडक पहिलीपेक्षा वाईट असते, कारण मागच्याला बाजूला घ्यायला जागाच नसते. धोक्याचे दिवे लावा आणि माणसांना चालवत पुलाच्या जवळच्या टोकाकडे न्या, येणारी वाहनं समोर दिसतील असं. गाडीतला धोक्याचा चमकणारा त्रिकोण गाडीला चिकटून ठेवून उपयोग नाही, पूल चढायच्या आधी दिसायला हवा. चौपदरी रस्त्यावर दोन पूल शेजारी असतात आणि बऱ्याच ठिकाणी मध्ये नुसती पोकळी. अंधारात ती दुभाजकासारखी दिसते. ट्रक येताना बघून माणूस कठडा ओलांडतो, पलीकडे माती असेल म्हणून, आणि थेट पात्रात जातो. कठड्यापलीकडे उडी कधीच नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लावा, नाहीतर ११२, रुग्णवाहिकेला १०८.

गाडी पोलिसांनी जमा केली असेल तर आरटीओची तपासणी झाल्यावर कोर्टातून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन अशा हमीवर, मिळते. तोवर गॅरेजवाल्याला बंपरसुद्धा काढू देऊ नका, मागचा ठोकाच तुमचा साक्षीदार आहे.

आणि दवाखान्याच्या केसपेपरवर काय लिहिलंय ते आजच वाचा. घाईत कोणीतरी ‘पडून मार’ असं सांगितलेलं असतं, तसं असेल तर डॉक्टरांना भेटून ‘रस्ता अपघात’ अशी नोंद आणि एमएलसी (पोलीस केस म्हणून वैद्यकीय नोंद) करून घ्या. नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंतच्या कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना २०२५ पासून आहे, तिलाही हीच नोंद लागते. एक्स-रेची मूळ फिल्म कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. प्लास्टर निघाल्यावर मनगट पूर्ण वळत नसेल तर जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला घ्यावा लागेल, तोवर दावा टाकायचा थांबवू नका.