द्राक्षबागेवर थांबलेला पक्षी : कापशी की ड्रोन?

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेच्या बांधावर गेले काही दिवस सकाळ-संध्याकाळ एक पांढुरका, कबुतराएवढा पक्षी हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला दिसतो, मग थोडा पुढे सरकतो आणि पुन्हा थांबतो. पक्ष्यासारख्या टेहळणी ड्रोनचा व्हिडिओ पाहिल्यापासून नातू हाही ड्रोनच असल्याचे छातीठोकपणे सांगतो. नाशिकच्याच देवळाली आणि गांधीनगर येथील लष्करी ठाणी फार दूर नसल्याने मलाही शंका येते. असे ड्रोन खरोखर असतात का आणि गोफणीने पाडले तर चालेल का?
— एक वाचक, मखमलाबाद, नाशिक

उत्तर : गोफण कृपया खुंटीलाच राहू द्यावी. आपल्या वर्णनावरून ती कापशी घार असावी. खांद्यावर काळा डाग, लालभडक डोळे आणि शिकार हेरताना हवेत एका जागी थांबण्याची सवय, या तिच्या खुणा आहेत. भक्ष्य दिसले की पंख उंच धरून, पाय खाली सोडून ती अलगद उतरत जाते. हे उतरणे आपण पाहिले असेल, तर शंकेला जागाच उरत नाही.

तरीही नातवाचे म्हणणे निराधार नाही. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डार्पाने दिलेल्या निधीतून एरोव्हायरन्मेंट कंपनीने बनवलेला ‘नॅनो हमिंगबर्ड’ २०११ मध्ये लोकांसमोर आला. पंखांचा विस्तार १६ सेंटिमीटर आणि वजन १९ ग्रॅम असून त्या वजनातच मोटर, बॅटरी आणि व्हिडिओ कॅमेरा बसवलेला होता. त्याला पंखा नाही की तोल सांभाळणारी शेपटी नाही. वर उचलणे, पुढे नेणे आणि वळवणे ही सर्व कामे फडफडणारे पंखच करतात. मात्र एवढ्याशा बॅटरीवर तो जास्तीत जास्त ११ मिनिटे उडू शकला. (हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो. तो नाशिकच्या जास्वंदीवर दिसला, तर हेराआधी पक्षीनिरीक्षकांचीच गर्दी होईल.) त्याच वर्षी जर्मनीच्या फेस्टो कंपनीने समुद्रपक्ष्याच्या धर्तीवर ‘स्मार्टबर्ड’ उडवला, परंतु तो सुमारे दोन मीटर विस्ताराचा असून हेरगिरीसाठी नव्हता. चीनमध्ये कबुतरासारखे, सुमारे २०० ग्रॅम वजनाचे ड्रोन टेहळणीसाठी वापरल्याच्या बातम्या २०१८ मध्ये आल्या. ते अर्ध्या तासापर्यंत उडतात, असे त्यांत म्हटले होते.

आपल्या प्रश्नाची खरी मेख ‘थांबण्या’त आहे. पुढे जाताना पंखांवरून वाहणारी हवा आपोआप आधार देते. जागच्या जागी थांबायचे, तर तो सगळा आधार फडफडीतूनच काढावा लागतो आणि बॅटरी भराभर संपते. म्हणून यंत्रपक्ष्यांत एका जागी तरंगणारे थोडे आणि तेही काही मिनिटांपुरतेच. आपला पाहुणा रोज दोन्ही वेळा हजेरी लावतो. शिवाय पाळतच ठेवायची असेल, तर बाजारात मिळणारा चार पंख्यांचा साधा ड्रोन त्याहून स्वस्त, स्थिर आणि चांगला कॅमेरा वाहणारा असतो; त्याची घरघर मात्र बागेत फवारणीचा ड्रोन पाहिलेल्या माणसाला लगेच ओळखू येते.

कायद्याला आकाराशी कर्तव्य नाही. ‘ड्रोन नियम, २०२१’ वजनावर चालतात : २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात मोडतो आणि तो उडवायला परवान्याची गरज नसते, तरी प्रतिबंधित लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तोही उडवता येत नाही. कोणते क्षेत्र कुठे आहे, हे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहता येते. सैन्यदलांच्या ड्रोनना हे नियम लागू नाहीत. घरावर किंवा अंगणावर एखादा ड्रोन वारंवार घिरट्या घालत असेल, तर वेळ आणि दिशा टिपून, शक्यतो चित्रीकरणासह पोलिसांकडे तक्रार करावी. दगड मारून पाडलेला ड्रोन कुणाच्या डोक्यावर पडेल, हे सांगता येत नाही; आणि तो कापशीच निघाला, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आड येईल.

नातवाला संध्याकाळी जवळच्या विजेच्या तारेवर नजर ठेवायला सांगावे. शेपटी वर-खाली हलवत ती तिथे बसलेली दिसेल आणि नखांत बहुधा आपल्याच बांधावरचा उंदीर असेल.