तळ्याचा बांध आधी खालच्या बाजूने बघा

होडी, मासे, काठावरच्या खुर्च्या हे सगळं नंतर. मातीच्या बांधाचं तळं घेतलंय, तर आधी पाण्याकडे पाठ करून खाली उतरा आणि पायथ्याने चाला. मातीचा बांध थोडाफार पाझरणारच, त्याला घाबरू नका. पण ते पाणी काचेच्या बरणीत धरून तासभर ठेवा. तळाशी गाळ बसला, तर बांध आतून झिजतोय. आमच्याकडे पायथ्याला एका जागी भर उन्हाळ्यातही हिरवंगार गवत असायचं. मी कौतुकाने बघायचो. पाझर नेमका तिथेच होता.

सांडव्याला, म्हणजे तळ्यातलं जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला, जाळी लावू नका. मासे जातील म्हणून बरेच जण लावतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात ती पालापाचोळ्याने तुंबते. पाणी भरावावरून वाहू लागलं की मातीचा बांध काही तासांतही संपतो. मासे गेले तर जाऊ देत!

बांधावर झाडं नकोत. मुळं कुजली की पाण्याला वाट मिळते. खेकड्या-उंदरांची बिळं खणून, ओली माती ठोकून भरा.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालच्या वाडीतली माणसं वाहून गेली. तेही मातीचंच होतं. तुमच्या बांधाखाली कोण राहतं, त्यांचे नंबर आजच लिहून ठेवा. पाझर गढूळ दिसला की आधी त्यांना फोन, मग इंजिनिअरला.