ट्रेडमार्क नोंदवला, आता नावावर नजर कोणी ठेवायची?

प्रश्न : मी भिवापूर तालुक्यात घरीच मिरची कांडप चालवते. २०१६ पासून आम्ही ‘वावरराणी’ नावाचं तिखट विकतो. २०२० मध्ये त्या नावाची ट्रेडमार्क नोंदणीही झाली. मागच्या महिन्यात माझ्या भावाला आरमोरीच्या बाजारात ‘वावररानी’ तिखट दिसलं, पाकीटही आमच्यासारखंच लाल. नोंदणी असताना असं कसं होतं? सरकारचं लक्ष नसतं का? पोलिसांत तक्रार करू का?

उत्तर : ताई, ट्रेडमार्क नोंदणी कार्यालय बाजारात फिरत नाही. उद्या कोणी तुमच्यासारख्या नावासाठी अर्ज केला, तर तपासणीत आधीची नावं पाहिली जातात; पण त्यातूनही एखादं नाव निसटतं. आणि ज्याने अर्जच केला नाही, सरळ पाकिटं छापून दुकानात ठेवली, त्याची खबर त्या कार्यालयाला लागणार कशी? सातबारा आपल्या नावावर असला तरी रानडुकरं हाकलायला जागलीवर आपल्यालाच जावं लागतं. तुमच्या भावाने आरमोरीत तेच केलं, आणि वेळेवर केलं.

‘ण’चा ‘न’ केल्याने समोरचा सुटत नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक नाव घेऊन माल मागतं, आणि बोलताना ‘राणी’ आणि ‘रानी’त फरक करणारे थोडेच. न्यायालयही दोन पाकिटं शेजारी ठेवून अक्षरं तपासत बसत नाही. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये हेच सांगितलं : घेणारा खेड्यातला असेल, शहरातला असेल, शिकलेला असेल, नसेल, त्याला नाव धूसर आठवतं, म्हणून पूर्ण नाव कानावर कसं पडतं ते बघायचं. त्या कसोटीवर ती दोन नावं गोंधळ करणारी ठरली.

त्या निकालाचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लक्ष्मणधारा १९२३ पासून विकलं जात होतं आणि अमृतधारावाल्यांनी ते चालू दिलं होतं. त्यामुळे नावं सारखी ठरूनही, विक्री उत्तर प्रदेशापुरती ठेवून लक्ष्मणधाराच्या नोंदणीला परवानगी मिळाली. आजच्या १९९९ च्या कायद्यातही कलम ३३ आहे : दुसऱ्याने नंतर नोंदवलेलं नाव वापरात आहे हे माहीत असून तुम्ही सलग पाच वर्षं गप्प बसलात, तर त्याची नोंदणी रद्द करा किंवा वापर थांबवा असं म्हणता येत नाही; त्याने अर्जच अप्रामाणिकपणे केला असेल तर गोष्ट वेगळी. पाच वर्षांच्या आतही उशीर भोवतोच. तातडीचा मनाईहुकूम मागताना न्यायाधीश पहिल्यांदा विचारतात, तुम्हाला कळलं कधी आणि तुम्ही केलं काय?

म्हणून आता भावाला परत आरमोरीला पाठवा. त्याच दुकानातून दोन पाकिटं पक्क्या बिलावर घ्यायला सांगा. एक न फोडता ठेवा. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता असायला हवा. नसला तरी अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असेल, तर त्यावरून माणूस शोधता येतो. तोवर तुमची २०१६ ची बिलं, पाकीट छापल्याच्या पावत्या, प्रदर्शनातले फोटो एका फाइलीत लावा. तो तुमच्याही आधीपासून हे नाव वापरत असेल, तर कायदा त्याला संरक्षण देतो. त्यामुळे तो तुमच्या आधीचा नाही, याची खात्री झाल्याशिवाय गावभर व्हॉट्सअॅपवर ‘नकली माल’ म्हणून त्याचे फोटो फिरवू नका. बिनबुडाची धमकी दिली म्हणून उलट तुमच्यावरच दावा होऊ शकतो. समोर एखादा बचत गट असेल आणि नाव नकळत घेतलं असेल, तर वकिलाच्या एका नोटिशीनेच काम भागेल, आणि मला तसं भागलेलं आवडेल.

आता नेहमीच्या पहाऱ्याचं. ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर निघतं. नोंदणीआधीची नावं त्यात जाहीर होतात, आणि जाहीर झाल्यापासून चार महिन्यांत विरोध नोंदवता येतो. ही मुदत वाढत नाही. ऑनलाइन विरोधाची फी एका वर्गासाठी, म्हणजे मालाच्या एका प्रकारासाठी, २,७०० रुपये. नोंदणी होऊ देऊन मग ती रद्द करून घेण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं. मसाले आणि तिखट वर्ग ३० मध्ये येतात, तेवढाच भाग पाहायचा. चार महिन्यांची मुदत असली तरी निदान पंधरा दिवसांतून एकदा कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बसवा. तिथेच मोफत शोधही घेता येतो. नाव रोमन लिपीत टाकायचं, एकदा ‘राणी’ धरून, एकदा ‘रानी’ धरून. उच्चारावरून शोधण्याचा पर्यायही वापरा. ‘वावररानी’साठी कोणी अर्ज केला आहे का, हे आजच बघा. ऑनलाइन विक्रीच्या ॲपवरही आपलं नाव टाकून बघत जा.

पण खेड्यापाड्यातली नक्कल बहुतेक वेळा संकेतस्थळावर दिसतच नाही. ती दिसते ठोक दुकानदाराला, फिरत्या विक्रेत्याला आणि पाऊच छापणाऱ्याला. या तिघांना नोंदणीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स देऊन ठेवा. कुठे काय दिसलं, कोणत्या तारखेला, हे वहीत लिहा. पुढे तीच वही कामाला येते.

पोलिसांत सध्या नको. कायद्याने हा गुन्हा आहे, पण माल जप्त करायला किमान उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्याआधी ट्रेडमार्क निबंधकाचं मत घ्यावं लागतं. नोटिशीने ऐकलं नाही तर दिवाणी दावा लावा. माल गडचिरोली जिल्ह्यात विकला जात असला तरी तुम्ही राहता आणि धंदा करता तिथे, म्हणजे नागपूर जिल्हा न्यायालयात, नोंदणीकृत चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा लावता येतो. उमरेडसारख्या तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात तो चालणार नाही.

तुमच्या पाकिटावर ‘भिवापुरी मिरची’ असंही छापलं असेल, तर त्या शब्दांवर एकटीचा हक्क सांगू नका. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. ते त्या भागातल्या साऱ्या उत्पादकांचं. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. आणि ट्रेडमार्क नोंदणीच्या मुदतीची दहा वर्षं प्रमाणपत्राच्या तारखेपासून नाही, अर्जाच्या तारखेपासून मोजतात. अर्जाची पावती काढून ती तारीख बघून ठेवा.