ऑनडिस्ट्रॉयची वाट बघत बसू नका

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पाहणीचा लांबलचक फॉर्म आहे, मध्येच कॅमेरा उघडून फोटो काढायचा असतो. फोटो काढून परत आलं की काही लोकांना फॉर्म रिकामा दिसतो, काहींचं ॲप पहिल्या पानावर जातं, काहींचं सरळ क्रॅश होतं. तुमच्या फोनवर कितीही वेळा करून बघितलं तरी काही होत नाही. सेव्ह करायचं काम तुम्ही अँड्रॉइडवर ऑनडिस्ट्रॉयमध्ये आणि आयओएसवर ॲप्लिकेशन-विल-टर्मिनेटमध्ये (स्क्रीन किंवा ॲप संपताना सिस्टीम ज्यांना हाक मारते ती फंक्शन्स) ठेवलंय, आणि आता विचारताय की हे दोन्ही कॉल होतच नाहीत का.

होतात. फक्त तुम्हाला ज्या वेळी त्यांची गरज आहे, नेमके तेव्हा होत नाहीत.

अँड्रॉइडला मेमरी कमी पडली की ती एकेका ॲक्टिव्हिटीला, म्हणजे ॲपच्या एकेका स्क्रीनला, "आवर आता" म्हणत फिरत नाही. अख्खी प्रोसेस, म्हणजे मेमरीत चालू असलेलं पूर्ण ॲपच, मारून टाकते. प्रोसेसच गेली तर तुमचं ऑनडिस्ट्रॉय चालवणार कोण? आयओएसवर ॲप बॅकग्राउंडला गेलं की थोड्या वेळात सस्पेंड होतं (मेमरीत असतं, पण गोठलेलं), आणि सस्पेंड झालेलं ॲप काढून टाकताना त्याला उठवून कळवत नाहीत. विल-टर्मिनेटवर इतका विश्वास बसला त्याचं कारण जुनं आहे: २०१० मध्ये आयओएस ४ येईपर्यंत होम बटण दाबलं की ॲप खरंच बंद व्हायचं आणि तो कॉल यायचा. त्या काळातली शिकवणी अजून फिरतेय. अँड्रॉइडवरही तसंच. पूर्वी शेवटच्या स्क्रीनवर बॅक दाबलं की ॲक्टिव्हिटी संपायची आणि ऑनडिस्ट्रॉय यायचं. अँड्रॉइड १२ पासून लाँचरवरून (होम स्क्रीनवरून) उघडलेली मूळ ॲक्टिव्हिटी बॅकने संपत नाही, नुसती मागे जाते. म्हणजे "आधी चालत होतं हो" हे तुमचं म्हणणंही खोटं नाही.

त्यामुळे माझा हिशेब सरळ आहे. अँड्रॉइडवर ऑनस्टॉप (स्क्रीन दिसेनाशी झाली की येणारा कॉल) आणि आयओएसवर डिड-एंटर-बॅकग्राउंड (ॲप मागे गेलं की येणारा) हा शेवटचा निरोप समजायचा. त्यानंतर काही आलं तर आलं. जुन्या उत्तरांमध्ये "ऑनपॉजमध्येच सेव्ह करा" असं दिसेल; ऑनपॉज म्हणजे ऑनस्टॉपच्या आधीचा, स्क्रीन सर्वांत पुढे उरली नाही की येणारा कॉल. तेही त्या वेळी बरोबर होतं, कारण अँड्रॉइड ३.० च्या आधी ऑनपॉज संपल्यावर प्रोसेस कधीही मारली जाऊ शकत होती. ३.० पासून ऑनस्टॉप पूर्ण होईपर्यंत अभय मिळालं.

आता तुमचा कॅमेरा. घटना क्रमाने बघू, कारण सगळी गंमत क्रमात आहे. वापरणाऱ्याने "फोटो काढा" दाबलं. तुम्ही फाईलचा पत्ता तयार केला, ॲक्टिव्हिटीच्या एका फील्डमध्ये (कोडमधल्या व्हेरिएबलमध्ये) ठेवला आणि कॅमेऱ्याला इंटेंट, म्हणजे काम सांगणारा निरोप, पाठवला. तुमचं ऑनपॉज झालं, कॅमेरा समोर आला, तुमचं ऑनस्टॉप झालं. कॅमेरा हे मेमरी खाण्यात पटाईत ॲप. दोन-तीन जीबीच्या फोनवर त्याला जागा करून द्यायला बॅकग्राउंडची ॲप्स मारली जातात, आणि त्यात तुमचंही जातं. वापरणाऱ्याला याचा पत्ता नाही. तो निवांत फोटो काढतो, बरोबरची खूण दाबतो. सिस्टीम तुमची प्रोसेस नव्याने उभी करते, ॲक्टिव्हिटी नव्याने बनवते, तिला जुना बंडल (आधी जपलेल्या छोट्या नोंदींचं गाठोडं) देते आणि मग कॅमेऱ्याचा निकाल हातात ठेवते. निकालात काय असतं? फाईलचा पत्ता तुम्ही आधी दिलेला असल्याने कॅमेरा बहुतेक वेळा रिकामाच इंटेंट परत पाठवतो. तुम्ही फील्डमधला पत्ता वाचायला जाता, ते फील्ड नव्या ऑब्जेक्टचं, म्हणून नल, म्हणजे रिकामं. क्रॅश. तुमच्या फोनला आठ-बारा जीबी मेमरी असेल तर हे तुम्हाला कधीच दिसणार नाही.

उपाय दोन ठिकाणी करायचा. फोटोचा पत्ता कॅमेरा उघडायच्या आधी सेव्हड-स्टेट-हँडलमध्ये (त्याच बंडलमधून जपल्या जाणाऱ्या साठ्यात) टाका. नुसत्या व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनची माहिती मेमरीत धरणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) ठेवून भागणार नाही. व्ह्यूमॉडेल फोन आडवा केल्यावर टिकतं, प्रोसेस मेली की तेही जातं. या एका गोष्टीवरून मी जितके वाद घातलेत तितके बहुतेक कशावरच घातले नसतील. आणि निकाल घेण्यासाठी रजिस्टर-फॉर-ॲक्टिव्हिटी-रिझल्ट वापरत असाल तर तो कॉल ॲक्टिव्हिटी किंवा फ्रॅगमेंट (स्क्रीनचा भाग) बनताना दर वेळी, कुठल्याही अटीशिवाय झाला पाहिजे. काही जण "पहिल्यांदाच असेल तर" अशा इफमध्ये रजिस्टर करायला जातात. मग नवी ॲक्टिव्हिटी उभी राहते, निकाल येतो, आणि घ्यायला दारात कोणी नसतं.

फॉर्ममधला मजकूर मात्र बंडलमध्ये कोंबू नका. बंडल बाइंडरमधून (ॲप आणि सिस्टीम यांच्यातल्या निरोप्यामार्फत) जातो, आणि बाइंडरचा बफर पूर्ण प्रोसेसला मिळून १ एमबी असतो, त्यातच बाकीचे व्यवहारही चालतात. कोणीतरी फोटोचा बिटमॅपच (अख्खं चित्रच) बंडलमध्ये टाकतं आणि ॲप मागे जाताना ट्रॅन्झॅक्शन-टू-लार्ज म्हणून पडतं. अँड्रॉइड ७ च्या आधी हे बऱ्याचदा लॉगमध्ये एक ओळ टाकून गुपचूप गिळलं जायचं, ७ पासून एक्सेप्शन येतं. शिवाय वापरणाऱ्याने रिसेंट्समधून ॲप झटकून टाकलं की तो बंडलही गेला. स्क्रोल कुठे होता, कोणता टॅब उघडा होता, फोटोचा पत्ता काय होता, इतक्याच चिल्लर गोष्टी तिथे ठेवायच्या. माणसाने अर्धा तास खपून भरलेली माहिती डिस्कवर गेली पाहिजे.

आणि डिस्कवर कधी? इथे माझं मत थोडं कडक आहे. फॉर्मचं सेव्हिंग लाइफसायकलच्या (ऑनपॉज, ऑनस्टॉप अशा कॉलच्या) भरवशावर ठेवूच नका. टायपिंग थांबून अर्धा सेकंद झाला की मसुदा डेटाबेसमध्ये लिहा, फील्ड बदललं की लिहा, कॅमेरा उघडायच्या आधी लिहा. मग ऑनस्टॉपमध्ये राहिलेला एखादा शब्द लिहायचा उरतो. ॲप क्रॅश झालं, बॅटरी संपली, तरी नुकसान एका शब्दाचं. लाइफसायकलचे कॉलबॅक मी कॅमेरा सोडायला, लोकेशन थांबवायला, व्हिडिओ पॉज करायला वापरते. माणसाची मेहनत जपायचं काम त्यांच्यावर टाकत नाही.

ऑनपॉजबद्दल एक सावधगिरी. एका ॲक्टिव्हिटीतून दुसरीत, समजा फॉर्मवरून नोंदींच्या यादीवर, जाताना लॉग असा दिसतो:

फॉर्म: ऑनपॉज
यादी: ऑनक्रिएट
यादी: ऑनस्टार्ट
यादी: ऑनरिझ्यूम
फॉर्म: ऑनस्टॉप

पहिलीचं ऑनपॉज संपल्याशिवाय दुसरी पुढे सरकत नाही, म्हणून तिथे मेन थ्रेडवर (स्क्रीन चालवणाऱ्या मुख्य धाग्यावर) डेटाबेस लिहायला बसलात तर पुढची स्क्रीन अडकते. उलट बाजू बघा: फॉर्म ऑनस्टॉपमध्ये लिहितो आणि यादी ऑनक्रिएटमध्ये वाचते, तर यादीला जुनीच माहिती मिळणार. यादीत नवी नोंद दिसत नाही, परत आत-बाहेर केलं की दिसते, अशी तक्रार आली की मी आधी हाच क्रम तपासते. यादीने डेटाबेसवर फ्लो (बदल झाला की कळवणारा प्रवाह) लावून ऐकत राहावं, हा प्रश्नच संपतो. तो फ्लो रिपीट-ऑन-लाइफसायकलमध्ये गुंडाळा, म्हणजे स्क्रीन दिसत नसताना उगाच चालत राहणार नाही.

ऑनपॉज म्हणजे स्क्रीन दिसेनाशी झाली, असंही नाही. अँड्रॉइड ७ मध्ये स्क्रीन दुभागून दोन ॲप्स चालवायची सोय आली तेव्हा ज्या बाजूला बोट नाही ती बाजू पॉज व्हायची, डोळ्यासमोर असूनही. ऑनपॉजमध्ये व्हिडिओ थांबवणाऱ्यांची तेव्हा चांगलीच पंचाईत झाली. अँड्रॉइड १० पासून समोर दिसणाऱ्या दोन्ही बाजू रिझ्यूम अवस्थेत राहू शकतात, आणि कॅमेऱ्यासारखी एकाच्याच ताब्यात असणारी वस्तू असेल तर ऑन-टॉप-रिझ्यूम्ड-ॲक्टिव्हिटी-चेंज्ड बघायचं. परवानगीचा डायलॉग हीसुद्धा प्रत्यक्षात वेगळी ॲक्टिव्हिटी असते. तो उघडला की तुमचं ऑनपॉज, मिटला की ऑनरिझ्यूम. कोणी ऑनरिझ्यूममध्ये परवानगी मागत असेल तर "नको" दाबल्यावर पुन्हा ऑनरिझ्यूम, पुन्हा मागणी. तुमचा स्वतःचा साधा अलर्ट-डायलॉग किंवा वरून ओढलेला नोटिफिकेशनचा पडदा मात्र ऑनपॉज घडवत नाही.

असाच भोवरा आयओएसवर मी स्वतः बनवला आहे, म्हणून सांगायला लाज नाही. ॲपला फेस आयडीचं कुलूप लावायचं होतं. विल-रिझाइन-ॲक्टिव्हमध्ये (ॲप निष्क्रिय होताना) कुलूप लावलं, डिड-बिकम-ॲक्टिव्हमध्ये (पुन्हा सक्रिय झाल्यावर) चेहरा विचारला. पण फेस आयडीची खिडकी उघडली की ॲप स्वतःच इनॲक्टिव्ह होतं. मग कुलूप. चेहरा ओळखला, खिडकी गेली, ॲप ॲक्टिव्ह झालं, कुलूप दिसलं, पुन्हा चेहरा. फोन माझ्या तोंडाकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे, असं बराच वेळ चाललं. दोन दिवस मी फेस आयडीच्या कोडमध्ये चूक शोधत बसले होते. फोन येणं, कंट्रोल सेंटर ओढणं, सिस्टीमचा कुठलाही अलर्ट, या सगळ्यात विल-रिझाइन-ॲक्टिव्ह येतं. ॲप सोडून गेल्याची ती खूण नव्हे. आता मी कुलूप लावते डिड-एंटर-बॅकग्राउंडमध्ये. विल-रिझाइन-ॲक्टिव्हमध्ये फक्त नाजूक माहितीवर पडदा टाकते. ॲप स्विचरमध्ये दिसणारं चित्र सिस्टीम डिड-एंटर-बॅकग्राउंड संपल्यावर टिपते, म्हणून पडदा फार तर तोपर्यंत पडलेला असला की झालं.

तुमच्या आयओएस कोडमध्ये आणखी एक गोष्ट बघा. प्रोजेक्टमध्ये सीन-डेलिगेट (ॲपच्या एकेका खिडकीचे, म्हणजे सीनचे, कॉल घेणारा क्लास) आहे का? आयओएस १३ पासून सीन वापरत असाल तर फोरग्राउंड-बॅकग्राउंडचे कॉल सीन-डेलिगेटकडे जातात, ॲप-डेलिगेटमधले ते जुने चार मेथड कोणी हाक मारत नाही. कंपायलर काही बोलत नाही, ब्रेकपॉइंटवर काही थांबत नाही. स्विफ्टयूआय (ॲपलची स्क्रीन बनवायची नवी पद्धत) असेल तर सीनफेज वाचा, पण कुठे वाचताय ते महत्त्वाचं: व्ह्यूमध्ये वाचलं तर त्या सीनची अवस्था मिळते, ॲपच्या पातळीवर वाचलं तर सगळ्या सीन्सची मिळून एक.

डिड-एंटर-बॅकग्राउंडमधून परतायला साधारण ५ सेकंद मिळतात. अपलोड अर्धवट असेल तर बिगिन-बॅकग्राउंड-टास्कने थोडा वेळ मागून घ्या, आणि काम झालं की एंड-बॅकग्राउंड-टास्क न विसरता. विसरलात तर वेळ संपल्यावर सिस्टीम ॲप मारते. क्रॅश रिपोर्टमध्ये दोन हेक्स कोड (अंक आणि इंग्रजी अक्षरांचे) ओळखीचे करून ठेवा. ‘एट बॅड फूड’ असा वाचता येणारा आला तर मेन थ्रेड वेळेत मोकळा झाला नाही म्हणून वॉचडॉगने (अडकलेलं ॲप मारणाऱ्या सिस्टीमच्या पहारेकऱ्याने) मारलं. ‘डेड लॉक’ असा वाचता येणारा आला तर सस्पेंड होताना फाईलचं किंवा एसक्यूलाइट डेटाबेसचं लॉक धरून बसलात म्हणून. ही नावं ठेवणाऱ्याला विनोदाची आवड होती, वाचणाऱ्याला हसू येत नाही.

"पूर्ण ॲप मागे गेलं" हे अँड्रॉइडवर कळायला ॲक्टिव्हिटी मोजत बसू नका, प्रोसेस-लाइफसायकल-ओनर वापरा. तो शेवटची ॲक्टिव्हिटी गेल्यावर सुमारे ७०० मिलिसेकंद थांबून कळवतो, म्हणजे फोन आडवा केल्यावर खोटी बातमी येत नाही. त्याचा डिस्ट्रॉय कधीच येत नाही. ॲप्लिकेशन क्लासमधल्या ऑन-टर्मिनेटचंही तेच, खऱ्या फोनवर तो कधी येत नाही.

आता हे तुमच्या टेबलावर घडवायचं कसं. डेव्हलपर ऑप्शन्समधलं "ॲक्टिव्हिटी ठेवू नका" चालू करून बरेच जण निश्चिंत होतात. त्यात ॲक्टिव्हिटी मरते, पण प्रोसेस जिवंत राहते. सिंगलटनमध्ये (पूर्ण ॲपमध्ये एकच असणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) ठेवलेलं सगळं तसंच सापडतं आणि तुम्हाला वाटतं सुटला प्रश्न. फोर्स स्टॉपने वेगळंच घडतं, तेही नको. फॉर्म अर्धा भरा, कॅमेरा उघडा, कॅमेरा समोर असतानाच संगणकावरून एडीबीने (फोनला आज्ञा द्यायच्या अँड्रॉइडच्या साधनाने) एडीबी शेल एएम किल आणि पुढे पॅकेजचं नाव द्या, मग फोटो काढून परत या. आयओएसवर ॲप उघडा, होमला जा, एक्सकोडमधून (ॲपलच्या ॲप बनवायच्या साधनातून) थांबवा आणि आयकॉनवरून पुन्हा उघडा. ॲप स्विचरमधून वर ढकलू नका, त्याने जपलेली अवस्थाच पुसली जाते. सस्पेंड आणि वॉचडॉगची तपासणी डीबगर (चुका शोधायला ॲपला जोडलेलं साधन) काढून करा. डीबगर जोडलेला असताना ॲप नीट सस्पेंड होत नाही आणि वॉचडॉगही गप्प असतो.

आजच कॅमेऱ्याचा प्रयोग करून बघा. नल तिथेच आला तर पत्ता सेव्हड-स्टेट-हँडलमध्ये हलवा. ॲप पहिल्या पानावर जात असेल तर लाँचर ॲक्टिव्हिटीत "लॉगिन झालंय का" तपासणारं सिंगलटन शोधा. ते नव्या प्रोसेसमध्ये रिकामं असतं, आणि रिकामं दिसलं की माणसाला दारापाशी पाठवतं.